‘वाय’ दाबण्याआधी

(काळा पडदा. कर्सर लुकलुकतोय.)

निवेदन :

सुडो ॲप्ट अपडेट. एंटर. ओळी भराभर वर सरकतात आणि काही क्षणांत थांबतात. ॲप्ट म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर आणणारं, बसवणारं साधन, म्हणजेच पॅकेज मॅनेजर; ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं. नव्यानं लिनक्सकडे वळलेल्या कितीतरी जणांना इथं वाटतं, झालं, सगळं सॉफ्टवेअर ताजं झालं.

तसं झालेलं नसतं. या कमांडनं एकाही प्रोग्रामला हात लावलेला नाही. फक्त ताजी यादी आली : रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन कोठारात, आज कोणत्या पॅकेजची (बसवायला तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याची) कोणती आवृत्ती आहे, एवढंच. खरा बदल होतो तो पुढच्या कमांडनं, सुडो ॲप्ट अपग्रेड. दोन्ही शब्द इतके जवळचे आहेत की गफलत होणारच.

(पडद्यावर नवी ओळ : सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी.)

मागितलं एक, आणि खाली नावांची रांगच लागली. हा व्हिडिओ प्लेयर आपल्या कामासाठी इतर लायब्ररींवर, म्हणजे तयार कोडच्या संचांवर, विसंबून असतो. त्या लायब्ररी आणखी कशावर तरी. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार तयार करणारा प्रकल्प 1993 साली सुरू झाला. त्याचं डीपीकेजी हे साधन पॅकेज बसवायचं खरं, पण एखादी लायब्ररी नसली की तक्रार करून थांबायचं. ती शोधून आणणं तुमच्याकडे. 1999 मध्ये डेबियन 2.1 सोबत ॲप्ट आलं आणि ही शोधाशोध यंत्राकडे गेली. माझ्या मते संगणक वापरणाऱ्यांवर झालेल्या मोठ्या उपकारांपैकी हा एक आहे.

आज फेडोरा या लिनक्सवर डीएनएफ आहे, आर्च लिनक्सवर पॅकमन, मॅकवर होमब्रू, विंडोजवर विनगेट. कमांड वेगळ्या, काम तेच.

एप्रिल 2014. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, अगदी गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेरच्या माणसाला वाचता येत होता. ही लायब्ररी असंख्य प्रोग्राम वापरत होते. पण ज्या यंत्रावर सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरनं बसवलेलं असतं, तिथं ती सहसा एकाच जागी असते आणि सगळे तिथूनच घेतात. त्यामुळे एक पॅकेज बदललं की सगळ्यांची दुरुस्ती. फक्त आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनीच प्रत मेमरीत धरून बसतो, तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. हे विसरलं, तर अपग्रेड होऊनही भोक तसंच उघडं राहतं.

आणि आलेलं पॅकेज खरं कशावरून? यादीवर डिजिटल सही असते, ती तपासायची किल्ली आपल्या यंत्रात असते. यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहिलेला असतो. वाटेत एक बाइट जरी बदलला, तरी हॅश जुळत नाही आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारतं.

(पडद्यावर प्रश्न : पुढे जायचं का? वाय की एन?)

बोट सवयीनं ‘वाय’कडे जातं. जरा थांबा. वर काय काय काढून टाकलं जाणार आहे, तेही लिहिलेलं असतं. एखादं किरकोळ पॅकेज काढायला जावं आणि त्याच्यावर विसंबलेला अख्खा डेस्कटॉप त्या यादीत दिसावा, असं खरंच घडतं. 2025 मध्ये आलेल्या ॲप्ट 3.0 मध्ये ही नावं लाल रंगात येतात. ती एकेक करून वाचा. ओळखीचं, रोजच्या कामाचं नाव त्यात दिसलं, तर ‘एन’ दाबा.

(कर्सर पुन्हा लुकलुकू लागतो.)