नदी बुजवून गाड्या

मंडळी, माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. चौतीस वर्षं. त्यामुळे गेल्या वर्षी जून महिन्यात मुलाकडे फ्लोरिडाला गेलो आणि नातवाच्या हट्टापायी डिस्नेच्या मॅजिक किंगडम या करमणुकीच्या पार्कात शिरलो, तेव्हा सगळे किल्ल्याचे फोटो काढत होते आणि मी पाणी शोधत होतो. सवय जात नाही.

पाणी सापडलं. बेटाला वेढा घालून जाणारी, माणसानं खणलेली नदी. रिव्हर्स ऑफ अमेरिका तिचं नाव. तिच्यातून लिबर्टी बेल नावाची मोठी पांढरी बोट फिरायची. गंमत अशी, की बोटीतली वाफ खरी होती, बॉयलर खरा होता, पण बोट पाण्याखालच्या रुळावरून चालायची. म्हणजे वर उभा असलेला कप्तान सुकाणू फिरवायचा तो निव्वळ आपल्या समाधानासाठी. बेटाचं नाव टॉम सॉयर. गुहा, झुलता पूल, लाकडी गढी, आणि बसायला भरपूर सावली. ते १९७३ साली सुरू झालं, पार्क उघडल्यानंतर दोन वर्षांनी.

त्या दिवशी काठावर काही मंडळी नुसती उभी होती. राइडच्या रांगेत नव्हती, खात-पीत नव्हती, पाण्याकडे बघत होती. मी मुलाला विचारलं, कोणी बुडालं का? तो म्हणाला, बाबा, ही नदी बंद होणार आहे. ६ जुलै २०२५ शेवटचा दिवस. बुजवून तिथे ‘कार्स’ सिनेमातल्या बोलक्या गाड्यांच्या राइड येणार.

नद्या अडवण्यात जन्म गेला, पण बुजवायची नदी आणि तिच्या काठी डोळे पुसणारी माणसं मी प्रथमच पाहत होतो. तेव्हापासून या वादाचा नाद लागला. आजचं बोलणं त्यातूनच आलं आहे.

थोडं मागे जाऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये डिस्ने कंपनीनं जाहीर केलं, की पुढच्या दहा वर्षांत पार्क आणि क्रूझ जहाजांच्या विभागात सुमारे ६० अब्ज डॉलर घालणार, म्हणजे आधीच्या दहा वर्षांच्या जवळजवळ दुप्पट. चाहत्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. कित्येक वर्षं त्यांची एकच तक्रार होती: तिकीट वाढतं, रांगा वाढतात, पूर्वी फुकट मिळणारा रांग टाळायचा पास आता विकत घ्यावा लागतो, आणि नवीन काही बांधत नाहीत. आता बांधणार! २०२२ सालीच कंपनीच्या वरिष्ठांनी बिग थंडर या डोंगरी रोलर कोस्टरच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत काय करता येईल याची कल्पनाचित्रं दाखवली होती. चाहत्यांनी त्यावर मनातल्या मनात वाडे बांधून ठेवले होते. मग ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला भरलेल्या डिस्नेच्या चाहत्यांच्या मेळाव्यात घोषणा झाली. पलीकडे डिस्नेच्या सिनेमांतल्या खलनायकांची नगरी होणार, हे खरं. पण अलीकडची नदी आणि बेट जाणार.

तेव्हापासून चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, बेटावर जातंय कोण, भर दुपारी रिकामं असतं, त्या जागेत दोन राइड बसतात. दुसरा म्हणतो, आम्ही विस्तार मागितला होता, तुम्ही बदली दिलीत.

दुसऱ्या तटाच्या रागाचं मूळ जमिनीत आहे. १९६४-६५ च्या सुमारास कंपनीचा संस्थापक वॉल्ट डिस्नेनं वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून फ्लोरिडात गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. म्हणजे जवळजवळ ११० चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण तेवढंच आहे. हे का केलं? कारण कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं आणि बघता बघता भोवती मोटेलं आणि दुकानं उगवून त्याला गच्च वेढा पडला. ती चूक पुन्हा करायची नव्हती. मरणाआधी काही आठवडे, १९६६ मध्ये चित्रित केलेल्या एका फिल्ममध्ये वॉल्टनं भिंतीएवढ्या नकाशापुढे उभं राहून सांगितलं, की मनात येतील त्या सगळ्या योजना मावतील एवढी जागा आपल्याकडे आहे. त्याच्या वारसांनी ‘इथे करू की तिथे’ म्हणत, जे आहे तेच पाडावं, हे चाहत्याच्या गळी उतरत नाही. बोरिवलीएवढी जागा असताना माझा पूल का पाडता, असा त्याचा सवाल.

इथे पाटबंधारेवाल्यानं तोंड घालायला हवं. ती बोरिवलीएवढी जमीन म्हणजे बरीचशी दलदल आहे. तिथे तुम्ही नुसता भराव टाकून मोकळे होत नाही. एका ठिकाणी दलदल बुजवली तर भरपाई म्हणून दुसरीकडे राखावी लागते, पावसाचं पाणी कुठे साठेल, कुठून वाहील, याचा हिशेब ‘जलव्यवस्थापन जिल्हा’ नावाच्या सरकारी संस्थेकडे द्यावा लागतो. मूळ मॅजिक किंगडमसुद्धा भरावावर उभं आहे. समोरचं सरोवर खणून निघालेली माती इथे टाकली, आणि तळमजल्यावर कामगारांच्या ये-जा करायच्या बोगद्यांचं जाळं ठेवून वर पार्क बांधलं. आपण ज्याला जमिनीवर चालणं म्हणतो ते तिथे पहिल्या मजल्यावरचं चालणं असतं. त्यामुळे नकाशावरची हिरवी जागा म्हणजे बांधायला तयार जागा, हे गणित कच्चं आहे. आणि हो, ते जलव्यवस्थापनाचे अर्ज चाहते मिळवून वाचतात! कुठे किती खोल खणणार, पाइप कुठून नेणार, त्यावरून राइड कोणती येणार ते ओळखतात. आमच्या खात्यातले अर्ज इतक्या आवडीनं कोणी वाचल्याचं मला तरी आठवत नाही. खात्यातल्या माणसांनीसुद्धा नाही.

पण बेट रिकामं असतं म्हणून ते वाया, या पहिल्या तटाच्या म्हणण्याला माझा विरोध आहे. साधा हिशेब मांडू. या धंद्यातल्या मंडळींच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये मॅजिक किंगडमला सुमारे १ कोटी ७७ लाख माणसं आली. दिवसाला ४८ हजारांहून जास्त. समजा प्रत्येकाला दिवसभरात नऊ राइड हव्या आणि पार्क बारा तास उघडं आहे. म्हणजे राइडमध्ये तासाला ३६ हजार जागा लागल्या. आता वीस माणसांची होडी दर अर्ध्या मिनिटाला सोडली, तर तासाला २,४०० माणसं होतात, आणि असा उपसा बऱ्याच राइडना जमत नाही. म्हणजे बाकीची माणसं कुठे असतात? रांगेत. किंवा खात. किंवा झाडाखाली पाय चोळत.

तिसऱ्या जातीची माणसं पार्काला फार मोलाची. ती कुठल्याच रांगेत नसतात, आणि तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं त्यांना वाटत असतं. नदी हेच काम करत होती. माझा नातू पाच वर्षांचा. सकाळपासून तीन राइड, तीनदा रडणं. बोटीवर चढलो, वारा लागला, आणि पठ्ठ्या माझ्या मांडीवर झोपला. तेवढ्या वेळात आमच्यासकट बोटभर माणसं इतरांच्या रांगांतून कमी झाली होती. हे कुठल्या तक्त्यात येतं का? बोटीत किती चढले ते येतं. किती जणांची चिडचिड उतरली ते येत नाही. गाड्यांच्या राइड तासाला कितीही माणसं नेवोत, त्या नवी माणसंही ओढून आणणार. आणि झोपायला त्यांत जागा नसणार.

आता, चाहते नेहमी बरोबर असतात असं समजू नका. १९९७ मध्ये याच पार्कात मिस्टर टोड नावाची जुनी राइड बंद होणार अशी कुणकुण लागली. लोकांनी टी-शर्ट छापून राइडपाशी निदर्शनं केली. टोडची राइड १९९८ मध्ये गेलीच, तिथे विनी द पू या कार्टूनमधल्या अस्वलाची राइड आली, आणि आज ज्यांचा जीव पूवर आहे त्यांनी टोडला पाहिलेलंही नाही. शेजारच्या युनिव्हर्सल या पार्कनं २०१२ मध्ये शार्क माशाची राइड पाडून तिथे हॅरी पॉटरची डायगॉन अ‍ॅली बांधली. २०१४ मध्ये ती उघडल्यावर शार्कसाठी गळा काढणारे फारच थोडे उरले.

पण पैशाच्या बाबतीत चाहत्याचं नाक तीक्ष्ण असतं, हे मान्य करायला हवं. २००१ मध्ये डिस्नेलँडच्या समोर कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरं पार्क उघडलं. काटकसरीत उरकलेलं काम. जत्रेतल्यासारखे पाळणे, थोडी दुकानं. चाहत्यांनी पहिल्याच दिवसापासून सांगितलं, हे पोकळ आहे. कंपनीनं ऐकलं, पण २००७ मध्ये, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी १.१ अब्ज डॉलर काढावे लागले. पॅरिसचं दुसरं पार्क २००२ मध्ये त्याच कंजुषीनं उघडलं. २०१८ मध्ये त्याच्यासाठी २ अब्ज युरोंची घोषणा झाली. उलट टोकियोकडे बघा. तिथल्या पार्कांची मालक डिस्ने नाहीच. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी डिस्नेला स्वामित्वधन देते आणि बांधकामाचा खर्च स्वतः करते. जून २०२४ मध्ये तिथे फँटसी स्प्रिंग्स हा नवा भाग उघडला, त्याला सुमारे ३२० अब्ज येन लागले. आराखडे काढणारे कलाकार डिस्नेचेच, थैली दुसऱ्याची. अमेरिकन चाहता ते फोटो बघतो आणि हळहळतो.

आपल्याकडे हा वाद रंगत नाही, कारण वादाला लागणारं भांडवलच नसतं. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं. राइड चांगल्या होत्या, पण कर्जाचा डोंगर त्याहून उंच होता, आणि २०२२ मध्ये ते दुसऱ्या समूहाच्या ताब्यात गेलं. व्याज भरता भरता पुरेवाट झाली की पुढच्या राइडचा विचार करणार कोण?

एक प्रश्न मगाशी मधेच आला होता, की नदी राखून गाड्या आणता आल्या नसत्या का? आल्या असत्या असं माझं मत आहे, आणि त्याचा पुरावा कंपनीच्याच घरात आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्येही अशीच नदी आहे. तिथे जागेची खरी टंचाई. स्टार वॉर्सची १४ एकरांची नगरी बसवायची होती. २०१६ मध्ये त्यांनी नदी बंद केली, मागचा भाग कापला, आणि उरलेल्या नदीच्या काठावर कातळ आणि धबधबे रचून २०१७ मध्ये ती पुन्हा सुरू केली. स्टार वॉर्स २०१९ मध्ये उघडलं, बोट अजून चालू आहे.

नदी आखडली तशी तिच्या मागून जाणाऱ्या वाफेच्या आगगाडीची वाटही बदलावी लागली. पार्काला घड्याळाच्या काट्यासारखी फेरी घालणारी ती गाडी १९५५ पासून फक्त उजवीकडे वळत आली होती. बासष्ट वर्षांनी, नव्या पुलावर, ती पहिल्यांदा डावीकडे वळली.