हाडाला काम हवं असतं

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात संक्रांतीच्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दारातच हातावर तिळगूळ मिळाला, त्यामुळे सुरुवात गोड झालीच आहे. तिळाकडे मी नंतर येणार आहे. आधी माझ्या आत्याबद्दल सांगते.

आत्या नारायण पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहायची. वय 74, कामाला वाघ. एका पहाटे तीनच्या सुमारास उठली. आतोबांची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. न्हाणीघराच्या दाराशी पायपुसणं होतं, ते पायाखालून सरकलं आणि ती एका कुशीवर पडली. उभ्या जागी पडली, तेवढ्यानं खुब्याचं हाड मोडलं.

मी तेव्हा दहा वर्षं हाडांचे रोगी तपासत होते. त्या पायपुसण्यावरून कितीदा ये-जा केली होती, याचा हिशेब नाही. आत्याची उंची कमी झालेली मला दिसत होती. नेहमीची साडी लोळते म्हणून ती निऱ्या वर खोचायची, फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढायला मला हाक मारायची. तिचे मणके एकेक करून खचत होते. मणक्याची अशी मोडझोड बहुतेक वेळा कळतच नाही, कंबर भरून आली म्हणून माणूस बाम चोळतो आणि विसरतो. मला ते कळायला हवं होतं. म्हणून आता कुणी बाई सांगू लागली की साडी लोळायला लागली आहे, तर मी आधी तिची उंची मोजते. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली तर पाठीचा एक्स-रे आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यायची. डेक्साच्या कागदावर टी-स्कोअर नावाचा आकडा असतो. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत असं समजायचं आणि उपचार सुरू करायचे. त्यावर आज चांगली औषधं आहेत.

हाड म्हणजे आतली सुकी काठी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यात रोज बांधकाम चालू असतं. पेशींची एक टोळी जुनं हाड उकरून काढते, दुसरी मागोमाग येऊन नवं भरते. मोठ्या माणसाचा जवळजवळ दहावा हिस्सा सांगाडा दर वर्षी असा नव्यानं बांधला जातो. नवं किती भरायचं हे कशावर ठरतं? त्या हाडावर भार किती पडतो, यावर. युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकानं 1892 मध्ये हेच मांडलं होतं: ज्या हाडाला जसं काम, तशी त्याची घडण. अंतराळात भारच नसतो, म्हणून तिथे राहणाऱ्या धडधाकट अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. आपल्याकडे सासूबाईंना 'तुम्ही बसा हो, आम्ही करतो' म्हणत आपण मायेनं खुर्चीत बसवतो, तेव्हा त्यांच्या हाडांना जमिनीवरच थोडं अंतराळ दाखवतो.

आपण मुली होतो तेव्हाचं आठवा. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, बसफुगडी, दोरीच्या उड्या, लंगडी. उडी मारून पाय आपटला की हाडाला हुकूम मिळतो, इथे भक्कम कर. हे वयही नेमकं असतं. मुलींमध्ये साधारण अकरा ते चौदा आणि मुलांमध्ये त्याच्या दोनेक वर्षं पुढे, उंची झपाट्यानं वाढते त्या अवघ्या दोन वर्षांत आयुष्यभराच्या हाडांपैकी जवळपास पाव हिस्सा खनिज साठतं. तिशीपर्यंत ही पुंजी भरते, पुढे ती फक्त राखायची असते. आणि आपल्या पुण्यात नेमक्या याच वयात नातवंडांचं ग्राउंड बंद होतं, कारण शाळा सुटली की क्लास. मला याचा राग येतो. आजी-आजोबांचं घरात चालत असेल तर एवढं करा, आठवी-नववीतल्या नातीचा खेळ क्लासपायी सुटू देऊ नका.

बायकांची पाळी गेली की हाडाची झीज एकदम वेग घेते. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. पुरुषांनाही हे चुकत नाही, थोडं उशिरा येतं इतकंच. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्यांनी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत, त्यांनी वय न बघता तपासून घ्यावं.

आता उन्हाचं. तुमच्यातले निम्मे लोक सकाळी सहाला तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर असतात, आणि 'डॉक्टर, आम्ही रोज कोवळ्या उन्हात चालतो, तरी ड जीवनसत्त्व कमी कसं?' असं विचारतात. चालणं उत्तम, ते सोडू नका. पण कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. साधी खूण सांगते. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. सावली आपल्याहून आखूड हवी. सध्या, पौष महिन्यात, पुण्यात ती वेळ साडेअकरा ते दोन. वीसेक मिनिटं हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून गच्चीत बसा, रंग सावळा असेल तर थोडं जास्त. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन यासाठी चालत नाही. आमच्याकडे दुचाकीवरून जाणाऱ्या मुली स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून डोळे तेवढे उघडे ठेवतात. धुळीत आणि रहदारीत ते समजण्यासारखं आहे, पण मग ऊन कधी मिळणार?

बरं, ड जीवनसत्त्व कमी निघालं की त्याचे साठ हजार युनिटचे साशे, म्हणजे पुड्या, मिळतात. आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, असं लिहून दिलेलं असतं. काही जण ते कपाटात भरून ठेवतात आणि थकवा आला की फोडतात. माझ्याकडे एक काका आले होते, मळमळ, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा. वर्षभर दर आठवड्याला साशे चालू होते. रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढलं होतं की त्यांना दाखल करावं लागलं. ड जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं, ते जास्त झालं तर किडनीला त्रास होतो. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच घ्या.

आता तीळ. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. एक कप दुधात तीनशेच्या आसपास मिळतं, तेवढ्याच दुधाच्या दह्यातून किंवा ताकातूनही तेवढंच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांनी बरीच भर पडते. तिळाचं कॅल्शियम मुख्यतः सालात असतं, म्हणून भोगीच्या भाकरीला लावायला आणि लाडवाला पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ आणू नका, गावरान आणा. पालकात आकडा मोठा दिसतो, पण तो अंगी लागत नाही. मेथी, शेवग्याची पानं बरी. गोळी घ्यायची असेल तर कॅल्शियम कार्बोनेटची जेवणाबरोबर घ्या, आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती प्रथिनांची. हाडाची चौकटच प्रथिनाची असते, कॅल्शियम तिच्यात भरलं जातं. दोघांपुरता स्वयंपाक कशाला म्हणून रात्री मऊ भात आणि ताक, दुपारी पातळ वरण. असं वर्षानुवर्षं चाललं की मांड्या वाळतात, आणि मांडीत जोर नसला की माणूस पडतो. वरण घट्ट करा. उसळ रोज करा. अंडी, मासे चालत असतील तर खा.

सांध्यांबद्दल एक वाक्य मला रोज ऐकू येतं: 'गुडघ्यातलं वंगण संपलंय.' गुडघ्यातला द्रव तेलासारखा संपत नाही. झिजते ती हाडांच्या टोकांवरची कुर्चा. तिला रक्तवाहिन्या नसतात. ती दबली की आतलं पाणी बाहेर जातं, सुटली की अन्न घेऊन परत आत येतं, स्पंजासारखं. गुडघा हलला तरच ती जेवते. म्हणून दुखतंय म्हणून पूर्ण बसून राहणाऱ्याचा गुडघा आणखी आखडतो. दुसरं वाक्य, 'गॅप पडलाय.' कुर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून दोन हाडांमध्ये रिकामी जागा दिसते. ती असायलाच हवी. ती कमी होते तेव्हा दुखणं असतं.

वजनाचं गणित मात्र खरं आहे. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं उतरतो. दुखऱ्या गुडघ्याला पोहणं आणि सायकल मानवते, टिळक तलावात जात असाल तर जरूर जा. फक्त पाण्यात हाडावर भार येत नाही, तेव्हा हाडांसाठी जोडीला जिना, थोडं वजन उचलणं हवंच.

राहिला तोल. दात घासताना ओट्याला किंवा बेसिनला हात धरून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवून घ्या. रात्री वाटेत छोटा दिवा जळू द्या. पायपुसणं ओलं, गुंडाळलेलं, सरकणारं असेल तर आज संध्याकाळीच काढून टाका.

आत्याचं ऑपरेशन झालं. ती काठीनं चालू लागली, अडीच वर्षं होती. पण वाड्याचा तो लाकडी जिना ती पुन्हा कधी उतरली नाही. खालच्या तुळशीला पाणी शेजारीण घालायची आणि आत्या सज्जातून बघायची.

चहा यायला अजून पाच मिनिटं आहेत. सगळ्यांनी खुर्चीत थोडं पुढे सरका. हात छातीवर घडी करा. ज्यांचे गुडघे बदललेत त्यांनी शेजाऱ्याचा हात धरला तरी चालेल. आता हात न टेकता उठायचं, आणि धपकन न बसता सावकाश बसायचं. दहा वेळा. मी मोजते. एक...