आमची ऋणे आम्हांस सोड

नमस्कार मंडळी! गंमत म्हणजे आमच्यात चर्चलाही ‘मंडळी’च म्हणतात, त्यामुळे इथे उभं राहिलं की उपासनेला आल्यासारखं वाटतं.

नाताळ आहे, तुमच्या धर्माबद्दल दोन शब्द बोला, असं अध्यक्ष म्हणाले. पण ‘तुमच्या’ म्हणजे कुणाच्या? घोळ इथूनच सुरू होतो. माझे आजोबा नगरच्या अमेरिकन मिशनचे, आजी एसपीजी या इंग्लिश मिशनची, म्हणजे अँग्लिकन. लग्न कुठल्या चर्चमध्ये लावायचं यावर दोन महिने खल झाला म्हणे. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि आम्ही सगळे सीएनआय, म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चे झालो. आजी म्हणायची, “पाटी बदलली रे, बाकं तीच.”

ज्यांचे अभंग आम्ही पेटी-तबल्यावर म्हणत मोठे झालो, त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना हा घोळ फार आधी जाचला असावा. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आम्ही अभंग तेवढे उचलले, दरबार राहिला.

माझंच सांगतो. धाकट्या बहिणीने वसईचा कॅथलिक मुलगा पसंत केला. वडिलांनी मला इथे फोन करून मत विचारलं. मी म्हणालो, “त्यांच्यात मूर्तीपुढे गुडघे टेकतात.” जातीबाहेरचं स्थळ आलं की आपल्याकडे घराघरांत जो आवाज लागतो ना, तोच माझाही लागला होता. लग्न झालंच. मी गेलो नाही. रजा नाही म्हणून कळवलं.

सहा वर्षांनी तिच्या घरी गेलो. तिच्या सासूबाईंनी इंद्याल केलं होतं. जेवणाआधी सगळे प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. घरचे म्हणाले, आमच्या अपराधांची क्षमा कर. त्याच वेळी माझ्या शेजारून अगदी हलक्या आवाजात आलं, “आमची ऋणे आम्हांस सोड.” लग्नाला सहा वर्षं झाली होती, रविवारी ती मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जात होती, पण त्या एका ओळीला तिच्या तोंडी अजून नगरच येत होतं.

तेव्हापासून तो ‘ऋण’ शब्द माझ्या मागे लागलाय. अपराध म्हटलं की डोळ्यांपुढे कायदा येतो, न्यायाधीश येतो. ऋण म्हटलं की माणूस येतो, ज्याचं देणं आहे तो. लहानपणी पाप म्हणजे सिनेमा, तंबाखू, रविवारी क्रिकेट अशी यादी पाठ होती. त्या यादीत बहीण कुठेच नव्हती.

कॅथलिक मंडळी फादरकडे कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला जातात. आम्ही प्रोटेस्टंट हसायचो, मध्ये माणूस कशाला, थेट देवाशी बोला की! बोललो. बरीच वर्षं बोललो. देवाशी बोलणं सोपं जातं, तो उलटून “तेव्हा का नाही आलास?” असं विचारत नाही. कन्फेशनची ती जाळीची खिडकी मला आता तितकीशी हास्यास्पद वाटत नाही.

हे भाषण मंडळाच्या वेबसाइटवर टाकणार आहोत, असं चिटणीस आत्ताच म्हणाले. बहीण ती वाचते, फोटोंसाठी का होईना.

बेबी, तेव्हा माझी अकरा दिवसांची रजा शिल्लक होती.