अर्धी चांदणी

(एका चित्रपट-रसिक मंडळाच्या मासिक सभेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं आवरलेलं.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय फारच भारदस्त छापलाय. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की 'द इंटरव्ह्यू'बद्दल बोलेन. सेथ रोगन आणि जेम्स फ्रँको यांचा, २०१४चा. हात वर करा, कितीजणांनी पाहिलाय? सहा. नाही, मागचे काका पंखा बंद करा म्हणतायत. पाच. आणि त्याच्यावरून झालेल्या गोंधळाबद्दल किती जणांनी ऐकलंय? बघा, सगळं सभागृह! म्हणजे माझं निम्मं व्याख्यान इथेच झालं. चहा आला असेल तर थांबू या का?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. डेव्ह स्कायलार्क हा नटनट्यांच्या भानगडी चघळणारा टीव्हीवरचा मुलाखतकार, आणि एरन त्याचा निर्माता. उत्तर कोरियाचे किम जाँग-उन त्यांच्या कार्यक्रमाचे चाहते निघतात, मुलाखतीचं ठरतं, आणि अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए या दोघांना सांगते की जाताच आहात तर त्याला मारूनच या.

आता यावर प्रेक्षकांना काय वाटलं आणि समीक्षकांना काय वाटलं, हे मी सांगणार आहे. पण मत मोजायचं कसं? ताऱ्यांत. आणि ताऱ्यांचा विषय निघाला की मला माझं जुनं दुखणं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी चेहरे सरळ ठेवावेत.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी एका सायंदैनिकात परीक्षणं लिहायचो. पगार नाही, परीक्षणामागे थोडे पैसे आणि बाल्कनीचा पास. छपाई खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून. एका शुक्रवारी एक कौटुंबिक सिनेमा पाहिला. पहिला अर्धा भाग बरा, पुढे नुसती आसवं. मी प्रामाणिकपणे अडीच तारे लिहिले आणि साडेसातची लोकल पकडून घरी गेलो. इकडे छापखान्याच्या फोरमनच्या हातात कागद पडला. त्याने खिळ्यांची पेटी चाळली आणि उपसंपादकाला म्हणाला, "चांदणी अख्खी येते. अर्धी चांदणी खिळे ओतणारे फाउंड्रीवाले ओतत नाहीत. दोन लावू का तीन?" उपसंपादक म्हणाले, कापून बघ. तो म्हणाला, खिळा कापला तर फर्म्यात ढिला बसेल, सगळी ओळ हलेल. मग उपसंपादकांनी अत्यंत शास्त्रीय प्रश्न विचारला, "त्यांची जाहिरात आहे का आपल्याकडे?" होती. तीन चांदण्या लागल्या.

माझे मेव्हणे त्या तीन चांदण्यांवर विसंबून घरची आठ माणसं घेऊन गेले, त्यात गावाहून आलेली आत्याबाई. मध्यंतरात वडे, येताना टॅक्सी. आत्याबाई पुढे महिनाभर त्या सिनेमातल्या सासूसारख्या वागल्या म्हणे. आजही एखाद्या लग्नात भेटले की मेव्हणे अक्षता हातात घेऊन विचारतात, "भाऊजी, माझी अर्धी चांदणी कधी परत करताय?" ती माझ्याकडे नव्हतीच हो! ती फाउंड्रीतच नव्हती!

ही तारे छापायची रीत काही आपली नव्हे. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने १९२८ साली सुरू केली, तेव्हा कमाल तीनच तारे होते. पुढे महागाई वाढली.

असो. आता २०१४. जूनमध्येच उत्तर कोरियाच्या परराष्ट्र खात्याने हा सिनेमा म्हणजे युद्धाची कृती आहे असं जाहीर केलं. सिनेमा न पाहता केलेलं हे पहिलं परीक्षण. नोव्हेंबरच्या शेवटी हा सिनेमा काढणाऱ्या सोनी पिक्चर्सच्या संगणकांवर हल्ला झाला, ढिगाने खासगी ईमेल बाहेर आली. नंतर चित्रपटगृहांना धमक्या, मोठ्या साखळ्यांनी अंग काढून घेतलं आणि १७ डिसेंबरला सोनीने नाताळचं प्रदर्शन रद्द केलं. १९ तारखेला ओबामा म्हणाले, सोनीची चूक झाली. त्याच दमात फ्रँकोचं नाव त्यांनी फ्लॅको असं घेतलं. अध्यक्षांनीही पाहिला नव्हता, तुमच्याआमच्यासारखेच.

आणि याच सुमाराला आयएमडीबीवर, म्हणजे प्रेक्षक सिनेमांना गुण देतात त्या संकेतस्थळावर, सिनेमा कुठेच लागलेला नसताना, हजारो लोकांनी त्याला दहापैकी दहा देऊन टाकले. काही काळ सरासरी दहाला टेकली होती! माझ्या फोरमनला निदान कागद तरी मिळाला होता. इथे कागदच नाही आणि चांदण्या दहा. २४ डिसेंबरला सिनेमा इंटरनेटवर आला, भाडं ५ डॉलर ९९ सेंट, आणि दुसऱ्या दिवशी तीनशेच्या वर छोट्या चित्रपटगृहांत. तिथे रांगेतले लोक सांगत होते की आम्ही देशकर्तव्य म्हणून आलोय. देशकर्तव्य म्हणून विनोदी सिनेमा बघायचा! आपल्याकडे करमणूक कर माफ झालेले सिनेमे आपण याच भावनेने बघायचो, पण त्यांत हसायची सक्ती नसे. मग लोकांनी तो खरोखर पाहिला आणि आकडा उतरत उतरत सहाच्या घरात आला. समीक्षक निम्मे इकडे, निम्मे तिकडे. शी-शूचे विनोद फार, कोरियन माणसाचं व्यंगचित्र ओंगळ, पण किम झालेला रँडल पार्क झकास, असा एकूण सूर.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? अहो, मुद्दा आता येतोय. पलीकडच्या योगवर्गाला म्हणावं, तोवर शवासन करा.

भराभर सांगतो. या सिनेमाचा विषय उत्तर कोरिया नाहीच, मुलाखत हा आहे. सुरुवातीलाच डेव्हच्या कार्यक्रमात रॅप गायक एमिनेम, स्वतःच्याच भूमिकेत, काडीचाही भाव न बदलता आपण समलिंगी असल्याचं बोलून जातो आणि नियंत्रण कक्षात लढाई जिंकल्यासारखा जल्लोष होतो. पुढे किमच्या मुलाखतीचे प्रश्न किमच्याच कार्यालयातून येतात. यात नवल काय? नटाच्या मुलाखतीआधी 'हे विचारू नका'चा फोन कुणाला येत नाही?

दुसरं, ते दुकान. गाडीतून जाताना डेव्हला फळांनी भरलेलं दुकान दिसतं आणि तो भारावतो. नंतर आत शिरतो, फळ हातात घेतो, तर ते खोटं. आपल्या दिवाळी अंकांतल्या 'घरी भेट' आठवा. नटी पोळ्या लाटतेय, परातीत कणीक, पण लाटण्याला पीठ लागलेलं नाही आणि नखांवर रंग ओला.

तिसरं आणि मुख्य. भर मुलाखतीत डेव्ह उपासमारीचं विचारतो तेव्हा किम डगमगत नाही, उलट अमेरिकेतल्या तुरुंगांचा दाखला देतो. तो कोसळतो तो वडिलांचा विषय निघाल्यावर, आणि डेव्हने पॉप गायिका केटी पेरीचं गाणं म्हटल्यावर. म्हणजे सगळा सिनेमा ज्या धंद्याची टिंगल करतो त्याच धंद्याचं हत्यार शेवटी चालतं, कॅमेऱ्यासमोर माणसाला रडवायचं. हे लिहिणारे समीक्षक मला फार भेटले नाहीत. कारण ते सिनेमावर लिहीत नव्हते, बातमीवर लिहीत होते. वर गंमत अशी की त्याच महिन्यात वर्तमानपत्रं सोनीची चोरलेली ईमेल उघडून कोण कुठल्या नटीला काय म्हणालं ते छापत होती. पटकथाकार आरन सॉर्किनने त्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये झोडपून लिहिलं. स्कायलार्कचा कार्यक्रम पडद्याबाहेरही चालूच होता!

हं, आणि सिनेमाचंही चुकलंच. एवढं हाती लागल्यावर त्याने धीर सोडला. रणगाडा, हेलिकॉप्टर, जाळपोळ. मुलाखतीने जिंकलेलं तोफगोळ्याने घालवलं.

काय म्हणता, वहिनी? मी किती देईन? अडीच. आणि छापखान्यातून कुणी विचारायला आलं तर मी साडेसातच्या लोकलने गेलो म्हणून सांगा.