तीन आकड्यांतलं आकाश

(दृश्य: सदाशिव पेठेतल्या वाड्याची माडी. लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, सुरू. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचं यान.)

निवेदन:
खेळाचं नाव 'एलिट'. केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी लिहिलेला. सप्टेंबर १९८४ मध्ये तो बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर आला. त्याच सुमारास भारत सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून हाच कॉम्प्युटर आपल्याकडच्या शाळांत येऊ लागला होता, अर्थात, अभ्यासासाठी!

हाताशी १०० क्रेडिट आणि एक यान. पुढे काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. लेव्ह ग्रहावर धान्य स्वस्त मिळतं. ते भरायचं आणि झाओन्ससारख्या कारखानदारीच्या ग्रहावर विकायचं. मार्केट यार्डातल्या आडत्याला हे लगेच कळेल. तो अडेल ग्रहाजवळच्या अवकाशस्थानकात शिरताना. स्थानक स्वतःभोवती फिरत असतं, दार म्हणजे नुसती फट. यानही त्याच गतीने फिरवत आत न्यायचं. जरा तिरपं गेलं, की मालासकट खलास.

(दृश्य: चौकटीची वही. पेनाने मांडलेली बेरीज.)

८ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह. बीबीसी मायक्रोच्या ३२ केबी मेमरीत हे मावलं कसं? मावलंच नाही. ग्रह साठवलेले नाहीतच. पहिल्या दीर्घिकेसाठी तीन आकडे दिलेत: २३११४, ५८४, ४६९३१. बेरीज ७०६२९. पण प्रत्येक आकड्याला जागा १६ बिटांचीच, आणि तेवढ्यात ६५५३५ च्या वर काही बसत नाही, म्हणून ६५५३६ गळतात आणि उरतात ५०९३. आता पहिला आकडा सोडायचा, ५०९३ शेवटी लावायचा, पुन्हा बेरीज. अशा चार फेऱ्या झाल्या की पुढचा ग्रह. त्याचं नाव, राज्यव्यवस्था, सुबत्ता, सगळं याच आकड्यांतून निघतं. आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेतले लोक याला खगोलशास्त्र म्हणणार नाहीत, पण बेरीज पक्की आहे. म्हणूनच १९८४ च्या केंब्रिजमधला लेव्ह आज पेठेतल्या लॅपटॉपवरही नेमका त्याच जागी सापडतो.

(दृश्य: ठिपक्यांनी भरलेला दीर्घिकेचा नकाशा.)

ब्रेबन आणि बेल यांच्या मनात खरं तर दोनाचा ४८ वा घात होता. म्हणजे २८१ लाख कोटींहून जास्त दीर्घिका. प्रकाशक अ‍ॅकॉर्नसॉफ्टने अडवलं. इतक्या दिल्या, तर सगळं एकाच साच्यातलं आहे हे उघडं पडेल, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. आठवी दीर्घिका तरी किती जणांनी गाठली असेल, शंकाच आहे.