माळावरचं नॉस्टॉक आणि त्याची पेप्टाइडं

पाऊस पडून गेल्यावर माळावर वाकून बघा. गवताच्या बुंध्यांमधल्या उघड्या मातीवर काळपट हिरवे, बुळबुळीत पापुद्रे फुगून आलेले असतात. ऊन लागलं की तेच आक्रसून काळे कडक होतात आणि बोटात चुरले की भुगा होतो. पुढचा पाऊस येईपर्यंत ते तसेच पडून राहतात, पण मरत नाहीत. हे बहुधा नॉस्टॉक. आपण सवयीने त्याला शेवाळ म्हणतो, पण तो जीवाणू आहे, सायनोबॅक्टेरिया गटातला. प्रकाशावर साखर करतो, हवेतला नायट्रोजन बांधतो. शाळेच्या पुस्तकात त्याचं कौतुक इथंच संपतं. मला मात्र आज त्याच्या पेप्टाइडांबद्दल बोलायचंय.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. पेशीतली नेहमीची प्रथिनं रायबोसोमवर, जनुकाच्या हुकमाबरहुकूम तयार होतात. नॉस्टॉकची बरीच पेप्टाइडं मात्र त्या वाटेने जातच नाहीत. त्यांच्यासाठी प्रचंड आकाराची वेगळी विकरं असतात. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर प्रत्येक कामगाराने एकेक भाग बसवावा, तसा त्यांचा प्रत्येक हिस्सा एकेक अमिनो आम्ल जोडत जातो आणि शेवटी बहुतेक वेळा साखळीचं कडं वळवलं जातं. रायबोसोमला न चालणारे भागही इथे चालतात. अ‍ॅनाबिनोपेप्टिनचंच बघा: सहा अमिनो आम्लं, त्यातली पाच कड्यात, सहावं युरियासारख्या बंधाने बाहेर लटकलेलं, आणि कड्याला बांधणारं लायसिन ‘डी’ रूपातलं, म्हणजे नेहमीच्या लायसिनचं आरशातलं रूप. असं कडं प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना सहजी फोडता येत नाही. उलट ते त्यांतल्या काहींचंच काम बंद पाडतं.

या गटातलं सर्वांत गाजलेलं नाव क्रिप्टोफायसिन. 1990 साली नॉस्टॉकच्या एका वाणातून ते बुरशीनाशक म्हणून वेगळं केलं गेलं. पुढे हवाई विद्यापीठात रिचर्ड मूर यांच्या गटाने दाखवलं की ते कर्करोगाच्या पेशींवर अत्यल्प मात्रेतही चालतं. पेशी विभागताना ट्युब्युलिन या प्रथिनाचे जे तंतू लागतात, त्यांची जुळणीच ते बिघडवतं. त्याच्या एका कृत्रिम भावंडाच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या, पण मज्जातंतूंना इजा होऊ लागल्याने त्या थांबल्या. आता हाच रेणू प्रतिपिंडाला बांधून थेट गाठीपर्यंत न्यायचे प्रयत्न चालू आहेत.

औषधाची ही गोष्ट सगळ्यांना आवडते, निधीही तिलाच मिळतो. पण नॉस्टॉक काही आपल्या कर्करोगासाठी एवढा खटाटोप करत नाही. मग कशासाठी करतो? ठरलेलं उत्तर असं, की खाणाऱ्यांपासून बचाव म्हणून. हे उत्तर तळ्यांवरून आलंय. तिथे डॅफ्नियासारखे जीव पाणी गाळून सायनोबॅक्टेरिया खातात. मातीत डॅफ्निया नाही; तिथे अमीबा आहेत, सूत्रकृमी आहेत, शेजारची बुरशी आहे. तळ्याचं उत्तर उचलून जसंच्या तसं मातीवर ठेवणं मला पटत नाही.

म्हणून नॉस्टोपेप्टोलाइड या नॉस्टॉकच्याच आणखी एका पेप्टाइडवरचं 2015 मधलं काम मला क्रिप्टोफायसिनपेक्षाही मोलाचं वाटतं. नॉस्टॉक पंक्टिफॉर्मे ही जात काही वनस्पतींच्या आत शिरून राहते. शिरण्यासाठी तिला सरपटणारे आखूड तंतू, हॉर्मोगोनिया, तयार करावे लागतात. संशोधकांनी नॉस्टोपेप्टोलाइड बनवणारं जनुक बंद केलं, तर तंतूच तंतू सुटले. पेप्टाइड बाहेरून घातलं, तर ते पुन्हा आवरले. शिवाय यजमान वनस्पती सोबत असली की या पेप्टाइडाची निर्मितीच घटते. म्हणजे इथे शत्रू कोणीच नाही. ‘आता हला’ आणि ‘आता थांबा’ हा वसाहतीचा घरातला कारभार आहे.

विषाची बाजूही आहेच. मायक्रोसिस्टिन हे असंच एक पेप्टाइड, यकृताचं विष, आपल्याला तळ्यांमुळे माहीत झालं. पण नॉस्टॉक आणि बुरशी मिळून बनलेल्या शैवाकांमध्येही, म्हणजे कोरड्या जमिनीवर, ते सापडलंय.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की बाटलीत वाढवलेल्या वाणावर फार भिस्त ठेवू नका. खत घातलेल्या द्रवात, न वाळता, शेजाऱ्यांविना वाढलेला नॉस्टॉक माळावरचीच पेप्टाइडं तेवढ्याच प्रमाणात करेल असं नाही. माळावरचा पापुद्रा उचला, मिथेनॉलमध्ये अर्क काढा, रेणूंचं वजन मोजून ते ओळखणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकावर चढवा. आणि तोच पापुद्रा ओला असताना एकदा, वाळल्यावर एकदा, असा दोन्ही वेळा तपासा.