पाच आणे चार पै

नमस्कार, श्रोतेहो.

१ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तरी चोपड्यात काय अन् शिरपुरात काय, पारावर अजून "सोळा आणे खरं" असंच म्हणतात. रुपयाचे आणे सोळा, म्हणून सोळा आणे म्हणजे पुरतं. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" यातही बेरीज बरोबर एका रुपयाची होते. "पंचवीस पैशांची कोंबडी" म्हणून पाहा, म्हणीतला जीवच जातो!

"पै-पैचा हिशेब" मात्र नुसता बोलण्यापुरता नाही. बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाचे १९२ पै. या आकड्याला तीननं पूर्ण भाग जातो. शंभराला जात नाही. तीन भावांची सारखी वाटणी असेल तर प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. जुन्या सातबाऱ्यावर किंवा फेरफारात हा हिस्सा ०-५-४ असा दिसतो. नव्या पिढीतलं कुणी तो ५४ पैसे म्हणून वाचतं आणि तिसरा हिस्सा अर्ध्याहून मोठा होऊन बसतो. मग भाऊबंदकीला निमित्त लागतंच किती!

रीत सोपी आहे. आण्यांना बारानं गुणा, वरचे पै मिळवा, १९२ नं भागा. पाच बारे साठ, अधिक चार, चौसष्ट. म्हणजे एक तृतीयांश. सहा एकरांत दोन एकर. ०-२-८ असेल तर ३२ पै, म्हणजे सहावा हिस्सा, एक एकर. शेवटी सगळ्या खातेदारांचे हिस्से जुळवून पाहा. बेरीज पूर्ण सोळा आणे यायला हवी. कमी-जास्त आली, तर जुने फेरफार काढून कुठं चुकलं ते शोधावं लागतं.

या हिश्श्यालाही आणेवारीच म्हणतात, आणि पिकाच्या अंदाजालाही. दोन्हींची गल्लत करू नका. पिकाची आणेवारी कागदोपत्री आता पैसेवारी झाली. प्रमाण उत्पादन हेक्टरी दहा क्विंटल धरलं आणि कापणी प्रयोगात चारच निघालं, तर पैसेवारी ४०. ती ५० च्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. आणि गावात बातमी पोचते ती अशी: "यंदा आणेवारी पन्नास पैशांच्या आत!"